टर्बो बदलायच्या आधी: डिझेल इंजिनाची हवा कुठे अडते, कुठे गळते

कसाऱ्याच्या किंवा खंबाटकीच्या चढाला डिझेल गाडी अचानक मरगळते. पाय पूर्ण दाबला तरी काटा दोन हजारांपुढे सरकत नाही आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की पी 0299 हा कोड येतो, म्हणजे बूस्ट (टर्बोने इंजिनात ठासलेल्या हवेचा दाब) अपेक्षेपेक्षा कमी. बऱ्याचदा निदान तिथंच संपतं आणि टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून हवा दाबणारा पंखाच, बदलायचा हिशेब मांडला जातो.

तो कोड मात्र एवढंच सांगतो, की इंजिनच्या कॉम्प्युटरने जेवढा दाब मागितला तेवढा मिळाला नाही. का मिळाला नाही, हे त्याला ठाऊक नसतं. फाटका होज, चोंदलेला एअर फिल्टर, व्हॅक्यूमच्या नळीला गेलेली चीर, उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा काही वायू परत आत सोडणारी झडप) किंवा भरलेला डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर), यांपैकी काहीही असलं तरी हाच कोड येऊ शकतो. टर्बो या सगळ्यांत महाग, त्यामुळे तपासणीत त्याचा नंबर शेवटचा असायला हवा.

आधी हवेचा हिशेब बघू. एक लिटर डिझेलचं वजन साधारण 830 ग्रॅम. ते पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या साडेचौदा पट हवा लागते, म्हणजे सुमारे 12 किलो. हवा घनमीटरला अंदाजे 1.2 किलो भरते, म्हणून एका लिटर डिझेलमागे 10,000 लिटर हवा झाली. हा कागदावरचा किमान आकडा. डिझेल सिलिंडरमध्ये शेवटच्या क्षणी फवारलं जातं, हवेत नीट मिसळायला त्याला वेळच मिळत नाही, म्हणून धूर टाळायला प्रत्यक्षात याहून बरीच जास्त हवा द्यावी लागते. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात हवा कमी पडली तरी डिझेल तेवढंच जात राहतं, आणि मागून काळा धूर निघतो. कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या, इंजिनाचा कॉम्प्युटर हवा मोजतो आणि ती कमी दिसली की डिझेलच कापतो. अशा गाडीत धूर फारसा दिसत नाही, फक्त ओढ जाते.

धुरावरून निदान करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि डिझेल कारना मागे डीपीएफ आला. तो काजळी अडवून धरतो. त्यामुळे आत कितीही काळं जळत असलं तरी सायलेन्सरचं तोंड स्वच्छ दिसतं. अशा गाडीत खूण वेगळी असते. डीपीएफची सफाई, म्हणजे रीजनरेशन, पूर्वीपेक्षा लवकर लवकर होऊ लागते आणि मायलेज घसरतं. फिल्टर जुना झाला असं समजून तोच बदलला, तर नवाही तितक्याच लवकर भरतो, कारण काजळी पुढे इंजिनात तयार होत असते.

एकच भोक, दोन वेगळे परिणाम

हवेच्या वाटेचे तीन टप्पे धरा. एअर फिल्टरपासून टर्बोच्या तोंडापर्यंत हवा ओढली जाते, तिथं दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. टर्बोच्या कॉम्प्रेसरपासून (हवा दाबणाऱ्या बाजूपासून) इंटरकूलरमधून, म्हणजे दाबलेली हवा गार करणाऱ्या रेडिएटरमधून, इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डपर्यंत ती दाबाखाली असते. त्यापुढे एक्झॉस्ट, म्हणजे टर्बाइन (टर्बोची एक्झॉस्टवर फिरणारी बाजू), डीपीएफ आणि सायलेन्सर. पाइपला भोक पडलं तर ते कुठल्या टप्प्यात आहे, यावर सगळं निदान फिरतं.

पहिल्या टप्प्यातलं भोक गाडीची ओढ कमी करत नाही, आवाजही करत नाही. ते फक्त धूळ आत घेतं. म्हणूनच ते जास्त धोक्याचं. खडी क्रशरवरचा डंपर किंवा उसाच्या फडातला ट्रॅक्टर फिल्टरनंतरच्या सैल क्लिपमधून महिनोन्‌महिने माती ओढत राहतो. कॉम्प्रेसरच्या पंख्याच्या पात्यांच्या कडा झिजतात, पुढे पिस्टनच्या रिंगा आणि लायनर घासले जातात, आणि इंजिन ऑइल खायला लागतं तेव्हा कुठे मालकाला कळतं. तपासणी अगदी सोपी आहे. फिल्टर आणि टर्बो यांच्यामधला पाइप काढा आणि त्याच्या आतून कोरडं, स्वच्छ बोट फिरवा. बोटाला बारीक माती लागली तर हवा फिल्टरला वळसा घालून येते आहे. फिल्टरचा रबरी ओठ, डब्याचं झाकण, पाइपची टोकं, क्लिपा आणि ब्रीदरची (इंजिनाच्या पोटातली वाफ सोडणारी) नळी ज्या ठिकाणी जोडली आहे ती जागा, एवढं बघा. स्वस्तातल्या नकली फिल्टरचा कागद कधीकधी बरा असतो, पण रबर एखादा मिलिमीटर बारीक असतं, आणि गळती तिथूनच होते.

फिल्टर चोंदला आहे की नाही, हे नुसत्या रंगावरून ठरत नाही. थोडा मळलेला फिल्टर धूळ उलट जास्त चांगली अडवतो. ट्रक आणि मोठ्या इंजिनांसाठी फिल्टरनंतरच्या व्हॅक्यूमची मर्यादा सहसा 25 इंच पाण्याची, म्हणजे 635 मिलिमीटर, दिलेली असते. मोजायला पारदर्शक प्लास्टिकची नळी यू आकारात वाकवून निम्मी पाण्याने भरायची. एक टोक फिल्टरनंतरच्या पाइपवरच्या पोर्टला लावायचं, दुसरं मोकळं सोडायचं. इंजिन पूर्ण लोडवर असताना दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक बघायचा. नुसत्या रिकाम्या रेसवर टर्बो इंजिन पुरेशी हवा ओढत नाही, त्यामुळे उभ्या गाडीवर घेतलेलं माप फसवं निघतं. डब्यावर लाल पट्टीचा इंडिकेटर असेल तर तो हेच काम करतो. फक्त तो रीसेट करून पुन्हा तपासायचा.

गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरच्या हवेने फिल्टर झाडायची आपल्याकडे मोठीच आवड आहे. करायचंच असेल तर दाब 2 बारच्या आत ठेवा, हवा आतून बाहेर मारा आणि नोझल कागदाला टेकवू नका. झाडल्यावर आत बल्ब धरून बघा. कुठेही टाचणीएवढा उजेड बाहेर आला तर फिल्टर टाकून द्या. दोन फिल्टर असतील तर आतला, सेफ्टी फिल्टर, झाडायचा नसतो, बदलायचाच असतो. जुन्या ट्रॅक्टरच्या ऑइल बाथ फिल्टरमध्ये ऑइल खुणेपर्यंतच भरायचं. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं, कमी भरलं तर धूळ सुटते. पावसाळ्यात कागदी फिल्टर भिजून फुगतो आणि हवा अडवतो. भिजलेला फिल्टर वाळवून परत बसवू नका. नळकांड्याच्या तोंडाशी अडकलेली प्लास्टिकची पिशवी किंवा डब्यात उंदराने केलेलं घरटं हेही नेहमीचेच, पण टर्बोवर खर्च झाल्यावर सापडणारे दोष.

दाबाखालची गळती

टर्बोनंतरची गळती गाडीची ताकद थेट खाते. लक्षणं ठरलेली असतात. 1,800 ते 2,000 आरपीएमनंतर, नेमकी बूस्ट चढायला लागली की ओढ जाते, फुस्स असा किंवा शिट्टीसारखा आवाज येतो आणि जोडापाशी ऑइलने ओला, धूळ चिकटलेला डाग दिसतो. इंजिन बंद असताना होज धडधाकट वाटतो, कारण चीर दाबाखालीच उघडते. इंटरकूलरचे होज बहुधा खालच्या बाजूला, ऑइल साचतं तिथे मऊ पडून फाटतात. काही होजचा आतला थर सुटतो आणि आतल्या आत वाट अडवतो. बाहेरून तो नवा कोरा दिसतो, म्हणून संशय आला तर काढून आत टॉर्च मारा. क्लिप प्रमाणाबाहेर आवळली की तिचाच पत्रा होज कापतो.

खात्रीची तपासणी एकच, दाबाची. टर्बोच्या तोंडाला, फिल्टरकडचा पाइप काढून, बूच बसवायचं. बुचात हवेचा व्हॉल्व्ह असतो. रेग्युलेटर लावून 0.5 बारपासून सुरुवात करायची आणि कारवर 1 बारपर्यंतच जायचं. एअर फिल्टरच्या डब्यातून कधीही दाब देऊ नका, डबा फुटतो. ऑइल भरायचं झाकण मोकळं ठेवा, कारण थोडी हवा उघड्या व्हॉल्व्हमधून आणि रिंगांवरून क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागात) उतरतेच, तिथं दाब साठला तर सील बाहेर पडतात. मग साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर, होजच्या खालच्या अंगाला आणि इंटरकूलरच्या प्लास्टिकच्या टाक्या जिथे ॲल्युमिनियमला जोडल्या आहेत त्या कडेवर मारा. बुडबुडे आले तिथे गळती. एक्झॉस्टमधून किंवा ऑइलच्या झाकणातून हळू फुसफुस आली तर ती गळती धरू नका.

ट्रकचा इंटरकूलर सुटा काढूनही तपासतात. दोन्ही तोंडं बंद करून 30 पीएसआय हवा भरायची, पुरवठा बंद करायचा आणि गेजकडे बघायचं. बऱ्याच इंजिनांसाठी 15 सेकंदांत 5 पीएसआयपर्यंतची घसरण चालते, त्यापेक्षा जास्त झाली तर इंटरकूलर गळका. नेमकी मर्यादा आपल्या इंजिनच्या मॅन्युअलमधून घ्या. बुचांना साखळी बांधल्याशिवाय हा प्रयोग करायचा नाही. दाबाने उडालेलं बूच माणसाला जबर जखमी करू शकतं.

स्कॅनरवरचे आकडे कसे वाचायचे

साध्या ओबीडी स्कॅनरवर दोन आकडे दिसले तरी अर्धं काम होतं. एक मॅनिफोल्डमधला दाब, म्हणजे मॅप, आणि दुसरा आत येणारी हवा, म्हणजे मॅफ. दोन्ही वाचायच्या आधी मॅप सेन्सर खरं बोलतो का ते बघा. चावी ऑन, इंजिन बंद. आता तिथे बाहेरचाच दाब असायला हवा. मुंबईत तो 101 किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात सुमारे 95, महाबळेश्वरला 86 च्या जवळपास. पुण्यातल्या बंद इंजिनावर 120 दिसत असेल तर सेन्सरच चुकीचा आहे, किंवा काजळीने माखला आहे. पुढची सगळी डोकेफोड तिथेच वाचली.

मॅपचा आकडा बहुतेक वेळा निरपेक्ष असतो, म्हणजे वातावरणाचा दाब धरून. 220 दिसलं तर पुण्यात टर्बोची खरी कमाई 125 किलोपास्कल, सव्वा बार. पाइपवर लावलेलं साधं गेज सव्वा बार दाखवतं आणि स्कॅनर 2.2 बार. या फरकाने पुष्कळ वाद होतात.

मॅफचा हिशेब तोंडी करता येतो. दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरची जागा 500 सीसी. साध्या दाबाची हवा त्यात भरली तर दर स्ट्रोकला सुमारे 500 मिलिग्रॅम बसते. आयडलला ईजीआर उघडला की निम्मी जागा जळक्या वायूने भरते आणि आकडा 250-300 वर येतो. पूर्ण बूस्टला, 220 किलोपास्कलवर, तो हजाराच्या आसपास जायला हवा. स्कॅनरवरून ईजीआर बंद करायचा आदेश द्या. आकडा 300 वरून 500 कडे उडाला तर व्हॉल्व्ह बसतो आहे. जागचा हललाच नाही आणि कमीच राहिला, तर तो उघडा अडकला आहे किंवा मॅफ सेन्सर मळला आहे.

आता रस्त्यावर चला. एक जण गाडी चालवेल, दुसरा स्कॅनर बघेल. तिसऱ्या गिअरला 1,500 आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून 3,500 पर्यंत जा. मॅफ आणि मॅपची जोडी बघायची.

हवा पुरेशी मोजली जाते पण दाब कमी आहे, तर मोजलेली हवा वाटेत निसटते आहे. गळती टर्बोनंतर. अशा वेळी कॉम्प्युटर मॅफवर भरवसा ठेवून डिझेल पूर्ण देतो, म्हणून धूरही काळा येतो. हवा कमी आणि दाबही कमी, तर टर्बोच्या आधी अडथळा आहे, किंवा टर्बो पुरेसा फिरतच नाही. दाब ठीक किंवा जास्त, पण हवा कमी, तर पुढची वाट तुंबली आहे. ऑइल आणि काजळीच्या डांबरासारख्या थराने अरुंद झालेलं इनटेक मॅनिफोल्ड, उघडा ईजीआर किंवा भरलेला डीपीएफ यांपैकी एक. दोन्ही आकडे मागणीबरोबर चालत असतील आणि तरीही ओढ नसेल, तर हवेचा पिच्छा सोडा आणि डिझेल फिल्टर, रेल प्रेशर, इंजेक्टर यांच्याकडे वळा.

टर्बो फिरतो, पण कह्यात नाही

साध्या टर्बोत वेस्टगेट असतं. दाब ठरावीक मर्यादेला गेला की एक झडप उघडते आणि एक्झॉस्टचा काही भाग टर्बाइनला वळसा घालून जातो. व्हीजीटी टर्बोत टर्बाइनभोवती हलणारी पाती असतात. कमी वेगाला ती मिटून वायूची वाट अरुंद करतात, जास्त वेगाला उघडतात. आपल्याकडे गाजलेल्या फियाटच्या 1.3 लिटर डिझेलचे दोन्ही अवतार मिळायचे. 75 पीएसच्या इंजिनाला साधा टर्बो, 90 पीएसच्या इंजिनाला व्हीजीटी. म्हणून "त्याच इंजिनाला असं केलं होतं" हा सल्ला ऐकण्यापूर्वी आपल्याकडे कोणता आहे ते बघा.

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हीजीटीत इंजिन सुरू होताच ॲक्ट्युएटरचा (पाती हलवणाऱ्या डबीचा) दांडा ओढला गेला पाहिजे आणि बंद केल्यावर परत सुटला पाहिजे. हललाच नाही तर हातपंपाने ॲक्ट्युएटरला व्हॅक्यूम द्या. दांडा पूर्ण अंतर गुळगुळीत सरकला आणि व्हॅक्यूम अर्धा मिनिट टिकला, तर दोष नळीत, सोलेनॉइडमध्ये (विजेवरच्या व्हॉल्व्हमध्ये) किंवा व्हॅक्यूम पंपात आहे. टर्बोला हात लावायचं कारण नाही. व्हॅक्यूम टिकत नसेल तर ॲक्ट्युएटरचा पडदा फाटला. दांडा मध्येच अटकत असेल तर पात्यांत काजळी बसली आहे. शहरात कायम कमी आरपीएमवर चालणाऱ्या गाड्यांत हे हमखास होतं. पाती मिटलेली अडकली तर चढाला बूस्ट मर्यादेबाहेर जातो आणि पी 0234 येतो. उघडी अडकली तर खालून ओढच नसते आणि पी 0299 येतो. गाडी लिंप मोडमध्ये जाते (कॉम्प्युटर ताकद मुद्दाम मर्यादित करतो), चावी बंद-चालू केल्यावर पुन्हा ठीक चालते, आणि पुढच्या मोठ्या चढाला परत तेच. हे चित्र दिसलं की आधी पात्यांचा संशय घ्या.

पाइपात ऑइल दिसलं म्हणून

इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा पातळ थर असणं हा दोष नाही, क्रँककेस ब्रीदरची वाफ तिथेच सोडलेली असते. पाइप काढल्यावर ऑइल सांडलं, तर मात्र शोध घ्यावा लागतो.

टर्बोच्या शाफ्टला रबरी सील नसते. पिस्टन रिंगसारख्या बारीक लोखंडी रिंगा असतात, आणि त्या ऑइल अडवतात ते मुख्यतः दोन बाजूंच्या दाबाच्या जोरावर. दाबाचं गणित बिघडलं की नवा टर्बोही ऑइल सोडतो. एअर फिल्टर चोंदला की पंख्यामागे ओढ वाढते आणि ऑइल हवेच्या पाइपात खेचलं जातं. टर्बोखालून परत येणारी ऑइलची नळी फक्त उतारावर चालते. ती कुठे दबली, आत कार्बन जमला किंवा गॅस्केटऐवजी लावलेलं सिलिकॉन आत घुसून वाट अडली, की ऑइल साठतं आणि रिंगांवरून बाहेर येतं. क्रँककेसमध्ये ब्लो-बायचा (रिंगांवरून निसटलेल्या वायूचा) दाब असेल किंवा ऑइल खुणेच्या वर भरलं असेल, तरी तेच. डीपीएफच्या वारंवार सफाईने डिझेल ऑइलमध्ये उतरून पातळी आपोआप वाढते, म्हणून अशा गाड्यांत डिपस्टिक खालच्याइतकीच वरच्या खुणेसाठीही बघायची.

शाफ्ट तपासायचा तो इंजिन बंद आणि थंड असताना. वर-खाली थोडा ढिलेपणा जाणवणारच, कारण बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगतं आणि आत्ता ऑइल नाही. बघायचं ते हे, की एका बाजूला दाबून फिरवल्यावर पंखा भोवतालच्या घराला, म्हणजे हाउसिंगला, घासतो का, आणि पुढे-मागे खेळ बोटाला स्पष्ट जाणवतो का. पुढे-मागची मर्यादा साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढीच असते, हाताला कळला म्हणजे थ्रस्ट बेअरिंग गेलं. पात्यांच्या कडा झिजून वाकल्या असतील तर धूळ किंवा बाहेरची वस्तू. शाफ्ट निळा-काळा पडला असेल तर ऑइल पोचलं नाही. त्यासाठी ऑइल फीडचा (टर्बोला ऑइल आणणाऱ्या नळीचा) पोकळ बँजो बोल्ट आणि त्यातली बारीक जाळी बघा.

एक इशारा. शाफ्टची सील पूर्ण गेली तर इंजिन स्वतःचंच ऑइल इंधन म्हणून ओढू लागतं. चावी बंद केली तरी ते थांबत नाही, रेस चढतच जाते आणि मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट असतो. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाका, क्लच सोडा आणि इंजिन बंद पाडा. इनटेकच्या तोंडावर हात ठेवू नका. ते जमत नसेल तर लांब व्हा.

नवा बसवताना

टर्बो खरोखर गेला असेल, तर इंटरकूलर काढून आतलं ऑइल आणि धातूचे तुकडे धुऊन काढल्याशिवाय नवा लावू नका. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, फीडची नळी नवी घाला, परतीची नळी साफ करा. बसवताना ऑइलच्या भोकातून 50 ते 100 मिलिलिटर स्वच्छ ऑइल ओता आणि शाफ्ट हाताने फिरवा. मग डिझेल बंद ठेवून स्टार्टर मारा, परतीच्या नळीतून ऑइल दिसेपर्यंत. सुरू झाल्यावर दोन मिनिटं आयडलवर ठेवा, रेस मारू नका. छोट्या कारचा टर्बो मिनिटाला दोन लाखांच्या वर फेरे घेतो, त्या वेगाला काही सेकंदांचं कोरडेपण बेअरिंग खाऊन टाकतं. त्याच कारणाने घाट चढून हॉटेलवर थांबलात तर बंद करण्याआधी एक-दोन मिनिटं आयडल द्या, नाहीतर तापलेल्या घरात थांबलेलं ऑइल जळून कार्बन होतं.

पूर्ण टर्बोऐवजी फक्त मधला कोअर (शाफ्ट, बेअरिंग आणि पंखे) बदलायचा स्वस्त पर्याय सगळीकडे मिळतो. वेस्टगेटच्या टर्बोत तो पुष्कळदा चालून जातो. व्हीजीटीत मात्र पाती किमान किती मिटावीत, हे एका स्क्रूवर ठरतं आणि तो फ्लो बेंचवर हवेचा प्रवाह मोजून लावावा लागतो. अंदाजाने लावलेला स्क्रू काही दिवसांतच पी 0299 किंवा पी 0234 घेऊन येतो. म्हणून कोअर घेताना बॅलन्सिंगचा छापील रिपोर्ट मागा, आणि व्हीजीटी असेल तर फ्लो सेटिंगचाही.